पहिला हिवाळा आणि तोंडातून न फुटणारं डच

प्रश्न : आम्ही मूळचे कोल्हापूरचे. नवऱ्याची नोकरी नेदरलँड्समध्ये वेल्डहोवनला, घर आइंडहोवनमध्ये. एप्रिलमध्ये आलो तेव्हा सगळं छान होतं, जूनमध्ये तर रात्री दहापर्यंत उजेड. आता नोव्हेंबर संपत आलाय आणि साडेचारला दिवे लावावे लागतात. मुलगा चार वर्षांचा, शाळेत पहिल्या गटात जातो. नवरा साडेसातला बाहेर पडतो तो सहाला येतो. मी कोल्हापूरला पतसंस्थेत आठ वर्षं काम केलं, इथे दिवसभर घरात. मोबाइलवर डुओलिंगो १९० दिवस न चुकता केलं, पण बेकरीत गेले की तोंडातून शब्द फुटत नाही, आणि फुटला तर समोरचा इंग्रजीत उत्तर देतो. माझं इंग्रजीही कच्चं आहे, त्यामुळे डच कधी येईलसं वाटत नाही. गेले तीन आठवडे कारण नसताना रडू येतं, दुपारी झोपूनही थकवा जात नाही. घराच्या भिंतीला काळे डाग पडलेत. मुलाला घेऊन मार्चपर्यंत माहेरी जाऊन राहू का? – एक वाचक, आइंडहोवन

उत्तर : रडू येतं आणि थकवा जात नाही, हे आधी घेऊ. सलग दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस असं होत असेल तर हाउसआर्त्सला, म्हणजे तुमच्या नोंदणीच्या डॉक्टरांना, फोन करायचा. तुमचे तीन आठवडे झालेत. फोन उचलणारी सहायिका ‘कशासाठी?’ असं विचारेल. तो भोचकपणा नसतो, कोणाला किती लवकर वेळ द्यायची हे तिला ठरवायचं असतं. एक वाक्य पाठ करून ठेवा : ‘इक फूल म आल द्री वेकन सोम्बर.’ तीन आठवडे मन उदास आहे. पुढचं इंग्रजीत बोललात तरी चालेल.

डॉक्टरांकडे तपासण्यांची यादी घेऊन जाऊ नका. आपल्याकडे ‘सगळं ब्लड करून टाका’ म्हणायची सवय असते. इथले डॉक्टर त्यावर हमखास म्हणतात, ‘थोडी वाट पाहू.’ त्याऐवजी लक्षणं सांगा : केव्हापासून, झोप किती, भूक कशी, पहिलाच हिवाळा आहे, शाकाहारी असाल तर तेही. मग ड जीवनसत्त्व, बी-१२, लोह, थायरॉइड यांपैकी काय बघायचं ते तेच ठरवतील. डॉक्टरांची भेट एइखन रिसिकोत, म्हणजे विम्याआधी स्वतः भरायच्या रकमेत, धरली जात नाही. त्यांच्याच दवाखान्यात मनाच्या तक्रारींसाठी एक प्रशिक्षित सहायक असतो, त्याला पे-ओ-हा खे-खे-झेत म्हणतात; त्याच्या भेटीही धरल्या जात नाहीत. रक्ततपासणी मात्र धरली जाते. म्हणजे वर्षाचे पहिले ३८५ युरो तुमच्या खिशातून, ते संपले की विमा. आणि जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गेलं तर डॉक्टरांच्या वेळेची वाट पाहायची नाही, ११३ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

ड जीवनसत्त्वासाठी मात्र डॉक्टरांची वाट पाहायला नको. सावळ्या त्वचेच्या लोकांनी रोज १० मायक्रोग्रॅम घ्यावं, बारा महिने, असा इथला अधिकृत सल्ला आहे. दहा मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट. क्राउद्फातसारख्या दुकानात ही गोळी बिनचिठ्ठीची आणि स्वस्त मिळते. भारतातून आणलेली ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी डॉक्टरांना न विचारता चालू ठेवू नका. ती कमतरता भरून काढायला ठरावीक आठवडे देतात, रोजच्या सवयीसाठी नाही.

आता उजेड. पुण्यात किंवा कोल्हापुरात वर्षातला सर्वांत छोटा दिवसही अकरा तासांचा असतो. आइंडहोवनला डिसेंबरच्या शेवटी सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि साडेचारला मावळतो, म्हणजे पावणेआठ तास, तेही बहुतेक ढगाळ. तुम्ही मुलाला साडेआठला अंधारात शाळेत सोडता, घरी येता, पडदे अर्धे, दिवा एक. अशाने शरीराला सकाळ झाल्याचं कळतच नाही. घरातल्या दिव्यांचा उजेड शंभर ते तीनशे लक्स भरतो; बाहेर आभाळ पूर्ण भरलेलं असलं तरी दिवसा हजाराच्या वर. म्हणून शाळेतून थेट घरी यायचं नाही. दारातूनच चाळीस मिनिटं चाला आणि नऊ-सव्वानऊला घरी या. पाऊस असला तरी. बाउयनरादार ॲपवर पुढच्या दोन तासांतल्या सरी दिसतात, त्यातली फट शोधायची. सगळ्या उपायांत हा एकच उपाय चुकवू नये असा. दुपारची झोप वीस मिनिटांवर आणा, गजर लावून. दोन तासांची झोप रात्रीची झोप खाते आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

दोन आठवडे चालूनही फरक पडला नाही तर उजेडाचा दिवा. १०,००० लक्स लिहिलेलाच घ्या, अतिनील किरण गाळणारा. सकाळी नऊच्या आत, अर्धा तास, खोक्यावर दिलेल्या अंतरावर. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईच्या आसपास येतो. दिवा ‘लागू पडला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात. दिव्याकडे टक लावून बघायचं नाही, तो बाजूला ठेवून समोर वही उघडायची. संध्याकाळी लावला तर झोप उडते. डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल, किंवा कधी मनाच्या उन्मादासाठी उपचार झाले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

कपड्यांचं थोडक्यात. इथला हिवाळा बर्फाचा कमी, ओल्या वाऱ्याचा जास्त. जानेवारीचं सरासरी तापमान तीन-चार अंश. अंगाला लागून सुती कपडा नको, घामाने ओला झाला की तो गारच राहतो. आत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा थर्मल, वर स्वेटर, सगळ्यात वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जाकीट. पावसाळी विजार सुद्धा घ्या. तिच्याशिवाय मांड्या भिजतात आणि चालणं तिथेच बंद पडतं. सायकल येत नसेल तर डिसेंबरात शिकायला जाऊ नका. एप्रिलमध्ये शिका.

भिंतीवरच्या काळ्या डागांना इथे स्खिमल म्हणतात. बुरशी. कारण बहुतेक घरांत एकच : भाजी शिजवणं, अंघोळ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांची वाफ थंड बाहेरच्या भिंतीवर जाऊन पाणी होते. थंडी येते म्हणून खिडकीवरची झडप बंद केली असेल तर आजच उघडा आणि उघडीच ठेवा. स्वयंपाक आणि अंघोळीच्या वेळी यांत्रिक वायुविजनाचा खटका सर्वांत वरच्या आकड्यावर. कपाट आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर नाही, निदान चार बोटं लांब. कपडे रेडिएटरवर नकोत, एका खोलीत वाळत घालून दार बंद आणि खिडकी फटभर उघडी. बिल वाचवायला दिवसभर हीटर पूर्ण बंद करू नका, पंधरा अंशांवर ठेवा; घर साफ गार पडलं की भिंती आणखी पाणी धरतात. डाग गरम पाण्यात सोडा घालून पुसा. पुसून परत आले किंवा एकाच जागी ओल दिसली तर भिंतीतून पाणी येतंय का हे बघणं घरमालकाचं काम आहे. फोटो काढून लेखी कळवा. आणि फोडणीच्या धुराने रोकमेल्दर, म्हणजे छतावरचा धुराचा भोंगा, कोकलला तर झाकून ठेवू नका, २०२२ च्या जुलैपासून प्रत्येक मजल्यावर तो सक्तीचा आहे. कढईवर शोषक पंखा फोडणीच्या आधी पाच मिनिटं चालू करा.

आता डच. तुमच्या पत्रात एक समज आहे : इंग्रजी कच्चं, म्हणून डच जमणार नाही. आम्ही नेमकं उलट म्हणू. डच इंग्रजीतून शिकाल तर अडखळाल. मराठीतून शिका. नुसता धीर द्यायला हे म्हणत नाही, भाषेच्या रचनेतच ते आहे.

आकडे बघा. पंचवीसला डचमध्ये फेइफएनत्विंतिख : पाच आणि वीस. आधी एकक, मग दशक, आपल्या पंचवीस-पंच्याहत्तरसारखंच. इंग्रजीतून विचार करणारे ७५ ऐकून ५७ लिहितात. तुम्ही ‘फेइफएनझेवन्तिख’ ऐकून सरळ पंच्याहत्तर म्हणा. दीडला त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे, आंदरहाल्फ. दीड किलो, आंदरहाल्फ किलो. आणि आकड्यानंतर किलोचं अनेकवचनही होत नाही, ‘दोन किलो’सारखंच ‘त्वे किलो’. पतसंस्थेत आठ वर्षं काढलीत म्हणून एक सावधगिरी : इथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. १.२५० म्हणजे बाराशे पन्नास, सव्वा नव्हे.

घड्याळात मात्र एक खड्डा आहे. हाल्फ आख्त म्हणजे साडेसात. आठ हा शब्द ऐकू आला की आपलं डोकं साडेआठ धरतं, आणि दाताच्या डॉक्टरकडे माणूस तासभर उशिरा पोचतो. ‘आठाकडे अर्धा’ असं मनात म्हणा. सव्वाआठ आणि पावणेआठ मात्र अगदी आपल्यासारखे : क्वार्त ओव्हर आख्त, क्वार्त फोर आख्त. सात पंचवीसला ते ‘साडेसाताला पाच कमी’ म्हणतात, फेइफ फोर हाल्फ आख्त. शाळेच्या सगळ्या वेळा आठवडाभर डचमध्ये मोठ्याने म्हणा, हा खड्डा बुजतो.

क्रियापद. ‘ओमदात’ म्हणजे कारण. ‘ओमदात इक खेन फीत्स हेप’ – कारण माझ्याकडे सायकल नाही. (‘ख’ लिहिलाय तिथे घशातला घासता उच्चार करायचा, तो पुढे सांगतो.) बघा, क्रियापद शेवटी गेलं. ‘दात’ म्हणजे ‘की’, ‘आल्स’ म्हणजे ‘जर’, यांच्या मागेही तेच. इंग्रजीवाल्यांना ही शिक्षा वाटते, आपण जन्मभर असंच बोलतो. भूतकाळातही मुख्य शब्द शेवटी : ‘इक हेप खिस्तरन ओप द मार्क्त आपल्स खकोख्त.’ मी काल बाजारात सफरचंदं विकत घेतली.

मग चूक कुठे होते? साध्या वाक्यात. तिथे क्रियापद कायम दुसऱ्या घरात बसतं, पहिल्या घरात काहीही असो. ‘आज मी बाजारात जाते’ या सवयीने मराठी माणूस ‘फान्दाख इक खा’ म्हणतो. बरोबर आहे ‘फान्दाख खा इक’ : आज, जाते, मी. याचं एकच औषध : रोज दहा वाक्यं, प्रत्येकाची सुरुवात वेळेच्या शब्दाने. फान्दाख, मॉर्खन, स्त्राक्स, ओम हाल्फ नेखन. लिहायची नाहीत, चालताना तोंडाने म्हणायची. तीन आठवड्यांत दुसरं घर आपोआप सापडायला लागतं.

‘द’ आणि ‘हेत’ याचा सगळ्यांनाच धसका असतो. नामांना लिंग असणं तुम्हाला नवीन नाही. ‘हेत’ म्हणजे आपलं नपुंसकलिंग. काही ठिकाणी तर गंमत म्हणून जुळतंसुद्धा : ते मूल, हेत किंत. ते घर, हेत हाउस. ते पुस्तक, हेत बूक. ते पाणी, हेत वातर. ते वर्ष, हेत यार. ते मीठ, हेत झाउत. पण यावर भरवसा ठेवू नका, दूध आपल्याकडे ‘ते’ आणि त्यांच्याकडे ‘द मेल्क’. दोन गोष्टी खात्रीच्या : शेवटी ‘-य’सारखा लाडका प्रत्यय लागला की नेहमी ‘हेत’, आणि अनेकवचनात नेहमी ‘द’. बाकी शब्द वहीत उतरवतानाच लिंगासकट, दोन रंगांत. नुसता शब्द लिहिलात तर नंतर लिंग वेगळं पाठ करावं लागतं, आणि ते होत नाही. डुओलिंगोचे १९० दिवस वाया गेले नाहीत, पण त्याने ओळख होते, उच्चार होत नाही. समोर चार पर्याय असतात तेव्हा बरोबर बोट टेकतं; बेकरीत पर्याय दिसत नाहीत. म्हणून तोंड बंद पडतं.

उच्चारात तुम्ही इंग्रजीवाल्यांच्या पुढे आहात. डच ‘त’ आणि ‘द’ दातांजवळचे, प-त-क हे शब्दारंभीही हवा न सोडता म्हणतात, आपल्यासारखेच. इंग्रजी शिकताना लावून घेतलेला ‘ट-ड’ तेवढा सोडा. त्यांचा ‘डब्ल्यू’ म्हणजे जवळजवळ मराठी ‘व’. शेवटचा ‘द’ नेहमी ‘त’ होतो, ‘खूद’ नव्हे, ‘खूत’.

नवीन आवाज मोजके. घशातला ‘ख’ : आपण ख म्हणताना जीभ मागे चिकटते आणि सुटते; इथे चिकटू द्यायची नाही, बारीक फट ठेवून हवा घासत जाऊ द्यायची. तुम्ही ब्राबांतमध्ये आहात हे नशीब, तिथला हा आवाज मऊ, जीभ थोडी पुढे. अॅमस्टरडॅमसारखी घशात खरवड नाही. ‘यू’ लिहितात तो स्वर : ‘ई’ म्हणा, जीभ तिथेच ठेवा, फक्त ओठ शिट्टीसारखे करा. ‘ए’ म्हणत तेच केलं की ‘येउख्त’मधला स्वर. ‘हाउस’मधला स्वर देवनागरीत बसतच नाही, गोल ओठांनी ‘अॅ’ सुरू करून त्या शिट्टीच्या स्वरावर संपवा. आरशासमोर, रोज पाच मिनिटं. आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळा : ‘बोम’ आखूड म्हटला तर बॉम्ब, लांब म्हटला तर झाड.

रोज पाऊण तास पुरे, पण बांधलेला. दिव्यासमोर किंवा नाश्त्याला पंधरा मिनिटं दहा नवे शब्द आणि तिसऱ्या, सातव्या दिवशीचे जुने. चालताना पंधरा मिनिटं दहा वाक्यं. संध्याकाळी मुलासोबत येउख्तझुर्नाल, मुलांसाठीच्या बातम्या : एकच तुकडा तीनदा, पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा डच अक्षरपट्टी लावून, तिसऱ्यांदा निवेदकाच्या मागोमाग बोलत. टीव्हीवर ती पट्टी टेलिटेक्स्टच्या ८८८ पानावर लागते. इंग्रजी पट्टी लावलीत तर कान झोपतात, डोळेच काम करतात. शाळेच्या ॲपवर येणारे निरोप आधी स्वतः वाचा, मग भाषांतर. व्यायामाचे कपडे, सहल, सुट्टीनंतरची उवांची तपासणी असे तेच तेच शब्द फिरून येतात. उवा तपासायला पालक लागतात, आणि त्या कामाला डच फारसं लागत नाही. दहा आयांमध्ये बसायची ही फुकटची जागा आहे.

समोरचा इंग्रजीत वळतो ते तुमचं डच वाईट म्हणून नव्हे. मागे रांग असते आणि त्याला मदत करतोय असं वाटत असतं. तो इंग्रजीत बोलला तरी तुम्ही डचमध्येच उत्तर द्या, आणि आधीच सांगा : ‘इक लेर नेदरलांत्स. विल्त यू नेदरलांत्स मेत मेइ प्रातन?’ बेकरीतला संवाद तर आधी घरी पाठ होतो, कारण तो रोज एकच असतो. तुम्ही : ‘एन हाल्फ फोल्कोरन, खस्नेदन, आल्सत्यूब्लीफ्त.’ अर्धा गव्हाचा पाव, कापून. ती : ‘आंदर्स नोख ईत्स?’ आणखी काही? तुम्ही : ‘ने, दात वास हेत.’ पुढचा प्रश्न पावतीचा असतो, ‘बोनत्य एरबेइ?’, आणि तिथेच माणूस गडबडतो. ‘ने, हूफ्त नीत’ म्हणून मोकळं व्हा. एकाच बेकरीत, एकाच दिवशी, गर्दी नसताना जा, म्हणजे दहा ते अकरा. चौथ्या वेळी ती ओळखते आणि हवामानाबद्दल बोलते. काही जंबो दुकानांत क्लेत्सकासा असते, घाई नसलेल्यांसाठी गप्पांचा गल्ला. तिथे रांगेतल्या आजी-आजोबांना वेळच वेळ असतो.

सर्वांत चांगला सराव मात्र डच माणसांशी होत नाही. तुर्की, पोलिश, सीरियन, युक्रेनियन बायकांशी होतो, कारण तुमच्यात डचशिवाय दुसरी भाषाच नसते आणि कोणी चूक काढत नाही. त्या भेटतात बिब्लियोतेकमधल्या तालकाफेत, म्हणजे डच बोलायच्या गप्पांच्या बैठकीत. ग्रंथालयातल्या तालहाउसमध्ये, भाषेच्या मदतकक्षात, जाऊन दोन गोष्टी विचारा : तालकाफे कोणत्या वारी असतं, आणि इनबुर्खरिंगची, म्हणजे परदेशातून आलेल्यांच्या भाषा-समाज परीक्षेची, सक्ती नसलेल्यांसाठी खमेंतेच्या (नगरपालिकेच्या) खर्चाने चालणारा वर्ग आहे का. खिल्द सामेनस्प्राकसारख्या संस्था आठवड्याला तासभर बोलायला एक स्वयंसेवक जोडून देतात. फोल्क्सउनिव्हर्सितेइटचे वर्ग पैसे देऊन, पण शिस्तीचे. कुठेही नाव घालण्याआधी वर्ग कोणत्या भाषेतून चालतो ते विचारा. ‘डचमधूनच’ असं उत्तर आलं तर तुमच्यासाठी तोच बरा. इंग्रजीतून चालणाऱ्या वर्गात तुम्ही दोन भाषा एकदम शिकत बसाल. मुलाचं ग्रंथालयाचं सभासदत्व फुकट आहे. त्याची चित्रांची पुस्तकं तुमच्यासाठीही. पण घरात त्याच्याशी मराठीच बोला. डच त्याला शाळेत मिळेल, आणि तुमच्या चुकांसकट मिळालेल्या डचचा त्याला काही उपयोग नाही.

त्याच्या मित्राला घरी खेळायला बोलवा. शाळेच्या दारात : ‘विल हेइ बेइ ओन्स कोमन स्पेलन?’ बुधवार दुपार बहुतेक शाळांना मोकळी असते. किती वाजता न्यायला येणार ते ठरवून घ्या, साधारण पाच; इथे सहाला जेवतात आणि मुलाला ‘जेवूनच जा’ म्हणण्याची पद्धत नाही, आधी ठरलं असेल तरच. त्याची आई न्यायला येते तेव्हा दारातली दहा मिनिटं तुमची. याच आठवड्यांत शाळेत सिंतरक्लासची, मुलांना भेटी देणाऱ्या संताच्या सणाची, धामधूम असते, ५ डिसेंबरपर्यंत. मूल घरी येऊन बूट शेकोटीपाशी ठेवायचा म्हणेल. ठेवू द्या, रात्री त्यात मूठभर पेपरनोतन, छोटी मसाल्याची बिस्किटं, घाला. हिवाळ्यात वाटाण्याचं दाट सूप कोणी वाढलं तर विचारून घ्या, त्यात बहुतेक डुकराचं मांस असतं.

परीक्षेची घाई नको. नवरा उच्चकुशल कामगाराच्या परवान्यावर असेल तर तुम्हाला आज इनबुर्खरिंगची सक्ती नाही. पाच वर्षांनी कायमचा परवाना किंवा नागरिकत्व हवं असेल तेव्हा ती लागते, सध्या ए२ पातळीची, म्हणजे रोजच्या साध्या डचची : वाचन, श्रवण, लेखन, संभाषण आणि डच समाजाची माहिती. आठवड्याला दोन वर्ग आणि घरचा पाऊण तास धरला तर वर्षभरात ए२ जवळ येतं. तुमच्या परवान्याच्या कार्डावर ‘आर्बेइत फ्रेइ तूखस्तान’ लिहिलं असेल, काम करायला मुभा. हिशेबाच्या नोकरीला मात्र ए२ पुरत नाही, त्याच्या वरची बी१ निदान; ते दुसऱ्या वर्षाचं बघू.

राहिलं माहेर. मार्चपर्यंत नको, पण जानेवारीत तीन आठवडे जरूर जा. चार महिन्यांनी परत आलात तर शब्द उडालेले असतील, तालकाफेतल्या बायका पुढे गेलेल्या असतील, आणि पुढचा नोव्हेंबर पुन्हा पहिलाच. तीन आठवड्यांनी आलात तर फेब्रुवारी लागलेला असतो, त्याच्या मध्यापर्यंत दिवस दहा तासांचा होतो. नाताळच्या सुट्टीत तिकिटं महाग. मुलगा अजून पाचाचा नाही, म्हणून सुट्टीबाहेर नेलं तरी कायद्याचा बडगा नाही, पण शाळेला आधी सांगा. पाच पूर्ण झाल्यावरच्या महिन्यापासून ही मोकळीक संपते. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर परवानाही अडचणीत येतो, हेही लक्षात असू द्या.

डॉक्टरांचा फोन मात्र जानेवारीवर ढकलू नका, तो उद्या सकाळी. आणि येताना कोल्हापूरहून स्वेटर आणू नका, इथल्या वाऱ्यापुढे ते टिकत नाहीत. ती जागा कांदा-लसूण मसाल्याला ठेवा. तूप, पेढे, खवा आणायला युरोपात मनाई आहे, ओला कढीपत्ताही अडवतात. नारळ चालतो.